बांधावरचं घायपात, कँटिनातली रात्र

शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे जा, उदगीरची वाट धरा किंवा लातूरकडे निघा. माळाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, कुणाच्या तरी बांधाला घायपात भेटतंच. कुणी त्याला केकताड म्हणतं. ते कुणी पेरलेलं नसतं, त्याला पाण्याची पाळी नसते आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो, म्हणून पोरांना त्याच्याजवळ खेळू देत नाहीत. आठ-दहा वर्षं ते जागच्या जागी फुगत बसतं, मग एका उन्हाळ्यात मधोमध दांडा निघतो, बघता बघता वीस फुटांच्या वर जातो, पिवळट फुलांचे झुबके धरतो आणि त्या एकाच फुलोऱ्यानंतर झाड वाळून जातं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं. तसल्या उन्हाळ्यातही जी मोजकी झाडं तग धरतात त्यांत घायपात येतं.

गावानं त्याचा एकच मोठा उपयोग केला, तो दोरासाठी. पानं कापून, मोळ्या बांधून, ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पानं कुजली की घाण सुटायची, अंगाला खाज यायची. त्याच पाण्यात उभं राहून पानं दगडावर बडवायची, धुवायची, तेव्हा कुठं पांढराशुभ्र वाख हाती यायचा. भिंगरीवर पीळ देऊन त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं, मोटेचे नाडे व्हायचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजानं केलं. पोळ्याला गावभरच्या बैलांच्या अंगावर जो नवा दोर चढायचा तो त्यांच्या हातचा, आणि त्याबदल्यात बलुतं म्हणून पदरात पडायचं ते खळ्यावरचं धान्य. त्या कष्टाचं मोल गावानं कधीच पुरतं चुकवलं नाही. पुढं मोटा गेल्या, नायलॉनचा दोर आला, बैल कमी झाले आणि घायपात पुन्हा नुसतं कुंपण होऊन राहिलं.

हे झाड मुळात इथलं नाही. मिरची, मका, भुईमूग, टोमॅटो, पेरू, सीताफळ जिथून आले त्याच अमेरिका खंडातून तेही आलं. अगावे या त्याच्या कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मेक्सिकोतल्या. तिथं या कुळातल्या एका निळसर जातीपासून टकीला ही दारू होते. त्या जातीवर एक अख्खा प्रांत जगतो, एक कायदा उभा आहे आणि रोज संध्याकाळी हजारो टेबलांभोवती माणसं जमतात. मराठवाड्यातल्या माणसानं ती रात्र एकदा समजून घ्यावी अशी आहे. दारू प्यावी म्हणून नव्हे. आपल्या बांधावरच्या झाडाचे सगेसोयरे दुसऱ्या मुलखात कुठवर पोहोचले हे त्यातून कळतं म्हणून.

मेक्सिको सिटीत त्यासाठी जायचं ते प्लाझा गारिबाल्दीला. अंधार पडला की या चौकात मारियाचींचे, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे, ताफे येऊन उभे राहतात. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, पायजम्याच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत चांदीच्या बटणांची रांग, डोक्यावर किंवा हातात रुंद काठाची टोपी. कुणाच्या हाती व्हायोलिन, कुणाच्या हाती ट्रम्पेट, आणि पोटाशी धरलेला एक अगडबंब गिटारोन, ज्याच्या खर्जावर सगळा ताफा चालतो. गिऱ्हाईक जवळ आलं की दराची बोलणी सुरू होतात. गाण्यागणिक पैसे, नाहीतर तासाचा ठोक भाव. रात्री कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या खिडकीखाली गायला न्यायचे असतील तरी इथूनच न्यायचे. २०११ साली युनेस्कोनं मारियाचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण चौकातल्या घासाघिशीत त्यानं काही फरक पडलेला नाही, आणि ते बरंच झालं. पोट भरण्यासाठी गाणारी माणसं आहेत ती.

चौकाच्या कडेला सालोन तेनाम्पा ही कँटिना, म्हणजे बसून खाण्यापिण्याचं दारूघर, आहे. १९२५ साली हालिस्को प्रांतातल्या कोकुला गावच्या एका माणसानं ती काढली. कोकुला हे मारियाचीचं माहेर मानलं जातं आणि राजधानीत ते संगीत रुजलं ते बऱ्याच अंशी या दारातून. आतल्या भिंतींवर गायकांची मोठमोठी रंगीत चित्रं आहेत. त्यांत होसे आल्फ्रेदो हिमेनेस यांना मानाची जागा आहे. या माणसाला स्वरलिपी येत नव्हती, एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं, तरी त्यांनी रचलेली गाणी आज प्रत्येक ताफ्याला तोंडपाठ लागतात, कारण गिऱ्हाईक तीच मागतं. टेबलावरचा माणूस नुसतं नाव उच्चारतो, ट्रम्पेट सुरू होतं आणि दुसऱ्या कडव्याला शेजारची तीन टेबलं गळा काढून गायला लागतात. एकाच दालनात दोन ताफे दोन वेगळी गाणी वाजवत असतात, आणि कुणाचीच तक्रार नसते.

टकीला येते ती उंच, निमुळत्या, काचेच्या लहानशा पेल्यात. बाहेरच्या जगात मनगटावर मीठ टाकायचं, ते चाटायचं, पेला एका दमात रिता करायचा आणि लिंबाची फोड चावायची असा प्रकार चालतो. तेनाम्पातली म्हातारी माणसं तसं करताना फारशी दिसणार नाहीत. त्यांच्यासमोर अनेकदा तीन पेले असतात: एकात लिंबाचा रस, मधल्यात टकीला, तिसऱ्यात सांग्रिता, म्हणजे संत्र्याचा किंवा डाळिंबाचा रस घालून केलेलं तिखट-आंबट लाल सरबत. हिरवा, पांढरा, लाल, त्यांच्या झेंड्याचे तीन रंग. एक घोट टकीलाचा, एक सांग्रिताचा. पेला अर्धा तास पुरवायचा. मेक्सिकोत चांगली टकीला चवीनं आणि सावकाश घेतात, हे तिथं पाऊल ठेवताच कळतं.

मग एक माणूस टेबलांमधून फिरत येतो. त्याच्या गळ्यात लाकडाची छोटी पेटी, पेटीला एक गोल खुंटी आणि दोन वायरींना दोन धातूच्या नळ्या. टेबलावरच्या सगळ्यांनी हात धरून कडं करायचं, दोन टोकांच्या दोघांनी नळ्या पकडायच्या आणि तो माणूस खुंटी हळूहळू फिरवत विजेचा प्रवाह वाढवत नेतो. मनगटं वळायला लागतात, कुणी ओरडतं, कुणी हसता हसता रडकुंडीला येतं. जो आधी हात सोडेल तो हरला, पुढची फेरी त्याच्या खिशातून. याला ‘तोकेस’ म्हणतात आणि मेक्सिकोच्या जुन्या कँटिनांत तो फार दिवसांपासून चालत आलेला खेळ आहे. अनोळखी टेबलंसुद्धा कड्यात ओढली जातात. दहा मिनिटांत ती एकमेकांच्या ताटातलं खाऊ लागतात.

खाणं हा कँटिनाचा अर्धा प्राण. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पेल्याबरोबर काहीतरी खायला फुकट येतं, त्याला ‘बोताना’ म्हणतात. सुरुवातीला लसूण आणि लाल मिरची लावलेले शेंगदाणे, मग वाटीभर कोळंबीचं झणझणीत गरम सार, पुढच्या फेरीला मक्याच्या कडक पोळीवर काहीतरी चमचमीत. पिणारा जितका वेळ बसेल तितकं पान भरत जातं. आपल्याकडचा चकणा हा त्याच जातीचा, खारे शेंगदाणे, फुटाणे, काकडी, उकडलेलं अंडं. पण परमिट रूममध्ये चकणा हा दारू घशाखाली उतरवण्याचा उपाय म्हणून येतो, आणि कँटिनात बोतानासाठी कँटिना निवडली जाते. दुपारी दोन-तीनला कचेरीतली माणसं जेवायला म्हणून कँटिनात शिरतात आणि डोमिनोच्या सोंगट्या वाजवत संध्याकाळपर्यंत बसतात.

फरक कशाचा आहे? महाराष्ट्रात दारूचं नियमन करणारा कायदा अजूनही १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे. कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. मूळ भावना बंदीची आणि वरून परवानगी सरकारची, त्यातून तयार झाली ती परमिट रूम: काळ्या काचा, जाड पडदा, मंद दिवा, भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस. तालुक्याच्या गावी ‘आज बसायचं का?’ असं हळू आवाजात विचारलं जातं आणि गाडी दोन किलोमीटर अलीकडेच लावली जाते. देशीच्या दुकानात तर बसायचीही सोय नसते. संत्रा किंवा मोसंबीच्या वासाची बाटली उभ्याउभ्या पोटात ओतायची, शेंगदाण्याचे चार दाणे तोंडात टाकायचे आणि चालू लागायचं. हे पिणं वाईट, ते पिणं चांगलं, इतकं सोपं हे प्रकरण नाही. दारूनं मोडलेली घरं मेक्सिकोतही आहेत. पण अन्न, गाणं, गप्पा आणि उजेड यांच्यात जे प्यायलं जातं त्यावर चारचौघांची नजर राहते. पडद्याआड जे प्यायलं जातं त्यावर ती राहत नाही.

आणि कँटिनालाही आपला पडदा होताच. मेक्सिको सिटीत एल निवेल नावाची कँटिना होती, राष्ट्रपती भवनाच्या अगदी शेजारी. पहिल्या क्रमांकाचा परवाना तिच्या भिंतीवर होता. २००८ साली ती बंद झाली. सिंको दे मायो रस्त्यावरच्या ला ओपेरात छताला एक भोक आहे. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत क्रांतिकारक सेनानी पांचो व्हिया घोड्यावरून आत आला आणि त्यानं गोळी झाडली, असं तिथले वेटर सांगतात. या सगळ्या इतिहासात बाईला जागा नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मेक्सिको सिटीच्या कँटिनांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. दारावर पाटीच असायची: बायका, अल्पवयीन मुलं आणि गणवेशातल्या माणसांनी आत येऊ नये. त्या काळात चावेला वार्गास ही गायिका पुरुषी कपडे घालून, खांद्यावर लाल पोंचो टाकून, पुरुषांनी बायकांसाठी लिहिलेली गाणी शब्द न बदलता गात होती आणि पुरुषांच्या बरोबरीनं टकीला पीत होती. दारूनं तिची मधली कितीतरी वर्षं खाल्ली. दारू सोडून ती पुन्हा मंचावर आली तेव्हा सत्तरीच्या घरात होती. २०१२ मध्ये ती गेली तोवर कँटिनांत बायकांची टेबलं पुरुषांइतकीच बोलकी झाली होती.

मराठवाड्यातल्या बायकांनी दारूच्या दुकानाशी नातं जोडलं ते वेगळ्या दारातून. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे एखाद्या वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली तर दुकान ठेवायचं की नाही यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांतल्या निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. ज्यांच्या घरातला पगार शनिवारी संध्याकाळी संपतो त्या बायका डोईवरचा पदर सावरत रांगेत उभ्या राहतात, आणि त्यांचा राग समजून न घेता दारूवर लिहिणं हा अन्याय होईल. मेक्सिकोतल्या बायकांनी दार उघडून घेतलं, इथल्या बायका दार बंद करतात. दोघींनाही पुरुषांची ती बंद खोली नको आहे.

टकीला होते कशी, हे पाहायला हालिस्को प्रांतात ग्वादालाहाराच्या वायव्येला जावं लागतं. तिथं टकीला नावाचंच गाव आहे, त्याच नावाचा निजलेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पायथ्याला निळ्या अगावेच्या रांगा क्षितिजापर्यंत गेलेल्या आहेत. २००६ साली युनेस्कोनं हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरवला. झाड सहा ते आठ वर्षांचं झालं की हिमादोर येतो. हिमादोर म्हणजे अगावे तोडणारा कसबी शेतमजूर. त्याच्या हातात लांब दांड्याला लावलेलं गोल, धारदार पातं असतं, त्याला ‘कोआ’ म्हणतात. तो पायानं झाडाला रेटा देत, एकेक पान बुडाशी तासत जातो. पाच-सात मिनिटांत काट्यांचं ते जंगल नाहीसं होतं आणि खाली उरतो हिरवट-पांढरा गड्डा, चाळीस किलोपासून नव्वद किलोपर्यंतचा. पात्याचा एक घाव चुकला तर पाय जायचा. पान किती खोल तासायचं यावर दारूची चव ठरते, कारण पानाचा हिरवा भाग राहिला तर कडवटपणा येतो. ही नजर बहुधा बापाकडून मुलाकडे जाते.

सगळी युक्ती त्या दांड्यात आहे. फुलोऱ्याचा दांडा निघायला लागला की झाड वर्षानुवर्षं साठवलेली साखर त्याच्यात ओततं. म्हणून शेतकरी दांडा कोवळा असतानाच छाटतो आणि साखर गड्ड्यातच राहते. हे गड्डे फोडून विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस वाफेवर शिजवतात, तेव्हा त्यांतली न आंबणारी साखर मोडून गोड होते. शिजलेला तुकडा चघळला तर गुळाच्या ढेपेची आणि भाजलेल्या रताळ्याची सरमिसळ चव लागते. मग रस काढायचा, आंबवायचा, तांब्याच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. एका लिटर शुद्ध टकीलाला साधारण सात किलो अगावे लागतं. न मुरवलेली ती ब्लांको, ओकच्या पिंपात किमान दोन महिने मुरलेली रेपोसादो, वर्षभर मुरलेली आन्येहो.

फुलू न देण्याचीही किंमत आहे. अगावेचं परागीभवन करतात ती लांब नाकाची वटवाघळं, आणि फुलंच नसतील तर त्यांना खाणं नाही. सगळी लागवड मुनव्यांपासून, म्हणजे एकाच झाडाच्या नकला, त्यामुळे रोग आला तर सगळं शेत एकदम बसतं. रोद्रिगो मेदेयिन या मेक्सिकन जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं २०१६ पासून काही उत्पादक शेतातली पाच टक्के झाडं फुलायला सोडतात आणि बाटलीवर तसं लिहितात.

टकीला गावातच ला कापिया नावाची लहानशी कँटिना आहे. साधी टेबलं, उघडं दार, झगमगाट नाही. डॉन हावियेर देल्गादो कोरोना यांनी ती आयुष्यभर चालवली आणि तिथंच ‘बातांगा’ हे पेय जन्माला आलं: टकीला, लिंबू, कोकाकोला, पेल्याच्या काठाला मीठ. ते ढवळायचं लिंबं कापायच्या मोठ्या सुरीनं. सुरी तीच, मिरच्याही तिनंच चिरायच्या, आणि चव त्यातून येते असं गिऱ्हाइकं शपथेवर सांगत. जगातल्या उत्तम बारच्या यादीत या कँटिनाचं नाव लागलं. डॉन हावियेर २०२० मध्ये वारले, पण सुरीनं ढवळण्याची रीत तशीच आहे.

या सगळ्याला बळ आलं ते कायद्यानं. १९७४ साली मेक्सिको सरकारनं टकीला या नावाला मूळ-स्थानाचं संरक्षण दिलं. हालिस्कोत आणि आणखी चार प्रांतांतल्या ठरावीक तालुक्यांत, त्या एकाच निळ्या जातीपासून जे बनेल तेच टकीला. निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे ५१ टक्के साखर अगावेची असली तरी ते नाव चालतं. पण बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ लिहिलं असेल तरच ती निखळ. प्रत्येक बाटलीवर कारखान्याचा क्रमांक असतो, त्यावरून ती कुठल्या भट्टीतून आली हे गिऱ्हाइकाला शोधता येतं. २०२२ मध्ये उत्पादन ६५ कोटी लिटरच्या आसपास पोहोचलं आणि त्यातला मोठा भाग शेजारच्या अमेरिकेनं रिचवला.

इथं मराठवाड्याला आपली शिंदी आठवते. मेक्सिकोत टकीलाच्याही आधीपासून ‘पुल्के’ आहे: मोठ्या जातीच्या अगावेचा गाभा कोरून त्यात झिरपणारा गोड रस रोज काढायचा आणि तो आंबला की त्याच दिवशी प्यायचा. पांढरट, बुळबुळीत, पोटाला जड. आपल्याकडे शिंदीच्या झाडाला संध्याकाळी मडकं बांधायचं, पहाटेची ती नीरा, दुपारची ती शिंदी. निजामाच्या राज्यात अबकारीचं उत्पन्न हा तिजोरीचा एक भक्कम खांब होता. म्हणून १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव शिंदीची झाडं तोडली. कुऱ्हाड झाडावर पडत होती, घाव निजामाच्या महसुलावर होता. तो लढा न्याय्य होता. पण स्वातंत्र्यानंतर गावाच्या रानातून निघणारं हलकं पेय मागं पडलं आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून बनलेली कडक देशी त्या जागी येऊन बसली, ही गोष्ट मराठवाड्यानं नीट तपासलेली नाही.

अगावेच्या मुलखात एक मराठी माणूस फार आधी पोहोचला होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४, वर्धा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढले, जर्मनी-रशिया करत १९२४ साली मेक्सिकोत उतरले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या जातींवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या एका चित्रात भाकरी वाटणाऱ्या टेबलाच्या प्रमुख जागी खानखोज्यांचा चेहरा आहे. छायाचित्रकार तिना मोदोत्तींनी त्यांची आणि त्यांच्या कणसांची छायाचित्रं काढली. १९५५ मध्ये ते मायदेशी परतले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर जे उगवतं त्याचा अभ्यास करायचा, ही त्यांची रीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या किती कृषी पदवीधरांना त्यांचं नाव माहीत आहे, असा प्रश्न मनाला डाचतो.

दख्खनच्या घायपाताकडे दारूच्या नजरेनं पाहणारा माणूस मात्र शेतीतला नव्हता. डेस्मंड नाझरेथ हे संगणक आणि चित्रपट क्षेत्रात वावरलेले गृहस्थ. अमेरिकेतून परतल्यावर त्यांना घरी मार्गारिता, म्हणजे टकीलाचं कॉकटेल, करायची होती, मनासारखी टकीला मिळेना, आणि लहानपणी दख्खनच्या पठारावर पाहिलेली झाडं त्यांना आठवली. आंध्र प्रदेशात चित्तूर जिल्ह्यात त्यांनी भट्टी उभारली, रानातल्या अगावे अमेरिकानाचे गड्डे गोळा करवले आणि २०११ साली ‘डेस्मंडजी’ या नावानं बाटली गोव्यात बाजारात आणली. जात वेगळी, माती वेगळी, म्हणून चवही वेगळी. आणि टकीला हे नाव मेक्सिकोचं असल्यामुळे बाटलीवर लिहिलं ते ‘१०० टक्के अगावे’. २०२२ मध्ये रक्षय धारीवाल यांची ‘माया पिस्तोला अगावेपुरा’ आली. तीही दख्खनच्या अगावेची, पण पिंपात मुरवलेली. आज पणजीच्या, मुंबईच्या बारमध्ये मक्याच्या पोळीवर कोथिंबीर-कांदा पडतो आणि शेजारी जी बाटली उभी असते तिच्यातला रस आपल्याच पठारावरचा असू शकतो.

मग शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्यानं उद्या बांधभर घायपात लावावं का? घाईनं अजिबात नको. हालिस्कोतच काय झालं ते पाहावं. मागणी वाढली तसा अगावेचा भाव चढत गेला, २०१८ नंतर किलोला तीस पेसोंपर्यंत गेला. ज्याच्याकडे तुकडाभर जमीन होती त्यानं मका मोडून अगावे लावलं, काहींनी जंगल तोडून लावलं. झाड सहा-सात वर्षांनी तयार होतं, तोवर बाजार भरून वाहिला होता, आणि २०२४ मध्ये भाव पाच पेसोंच्याही खाली घसरला. ज्यांच्याशी कारखान्याचा करार नव्हता त्यांचे गड्डे शेतातच राहिले. लातूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, पुढच्या हंगामांत जो तो सोयाबीनकडे वळला आणि २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असताना आडतीवर त्याहून कमी दरानं माल द्यावा लागला. सोयाबीन निदान चार महिन्यांत हाती येतं. घायपातात फसला तर माणूस दशकभरासाठी फसेल.

दुसरी अडचण सांडपाण्याची. एका लिटर टकीलामागे दहा लिटरच्या आसपास आंबट, तपकिरी पाणी उरतं, आणि ते नदीत सोडल्याच्या तक्रारी हालिस्कोत वर्षानुवर्षं आहेत. मांजरा-तेरणेच्या काठच्या लोकांना मळीच्या वासाची ओळख आहेच. तिसरी अडचण परवान्याची. शेतकऱ्यानं घरी रस आंबवून उतारा काढला तर ती हातभट्टी, म्हणजे गुन्हा. दारू करणार कंपनी, आणि शेतकरी फक्त गड्डे विकणार, तेही वजनावर.

तरीही हा विषय सोडून देण्यासारखा नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच कोरडवाहू पट्ट्यासाठी आहे. बालाघाटच्या उथळ, मुरमाड रानात, जिथं सोयाबीनही धड येत नाही तिथं, घायपाताच्या निरनिराळ्या जातींचे वाफे लावून कुठल्या जातीत किती वर्षांनी किती साखर येते याची नोंद विद्यापीठानं द्यायला हवी. साखर म्हणजे दारूच असंही नाही. गड्ड्यापासून पाक होतो, इन्युलिन हा खाद्यतंतू होतो, आणि तोडलेल्या पानांचा वाख निघतो तो वेगळाच. ते वाख काढायचं काम यंत्रावर, हातमोजे घालून, रोजंदारीच्या योग्य दरानं झालं तर ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कुजलेल्या पाण्यात उभं राहून दोर वळले त्यांच्या नातवंडांनाही त्यात मालकीचा वाटा मागता येईल, आणि तो त्यांनी मागावाच.

कंपन्या येतीलच. दख्खनच्या अगावेला आता नाव मिळालं आहे. त्यांचा माणूस गावात येऊन बांधावरचे गड्डे नगावर उचलू लागला तर ग्रामपंचायतीनं आधी त्याला थांबवून तीन गोष्टी विचाराव्यात: किलोला भाव काय, काट्यावर गड्ड्यातली साखर शेतकऱ्यासमोर मोजणार का, आणि काढलेल्या प्रत्येक झाडामागे किती मुनवे परत लावणार. रानातलं घायपात एकदा खणून नेलं की त्या जागी तसलंच मोठं झाड उभं राहायला आठ-दहा वर्षं जातात, आणि लागवडीचा करार करायचा झाला तर तेवढ्या सगळ्या वर्षांचा किमान दर रोप लावण्याच्या दिवशीच कागदावर आला पाहिजे.